दर्शनी भिंत एक, घरधनी अनेक

चाळ हा शब्द मराठी माणसाच्या कानास फारसा भारदस्त वाटत नाहीं. चाळ म्हटली कीं दाटी, सामायिक नळ, एका ओळींत लागलेलीं दारें आणि त्यांपुढून गेलेला एकच लांब सज्जा, एवढें चित्र डोळ्यांपुढें उभें राहतें. परंतु चाळ म्हणजे मुळांत ओळ. एकमेकांस लागून एका आढ्याखालीं उभी केलेली घरांची रांग. हा अर्थ धरला तर इंग्लंडांतील उमराव व सावकार ज्या घरांतून राहत होते, त्यांनाहि चाळीच म्हणावें लागेल. त्या देशांत अशा ओळीला ‘टेरेस’ म्हणतात. आपल्याकडे हा शब्द आला तो गच्चीच्या अर्थानें, आणि म्हणून ‘टेरेस’ म्हटलें कीं श्रोत्यांच्या मनांत पापड-कुरडया वाळत घालण्याची जागा येते. तेथें त्याचा अर्थ निराळा आहे. दोन घरांमध्यें एकच भिंत, सर्व घरांना मिळून एकच दर्शनी बाजू, आणि घर मात्र पायापासून छपरापर्यंत ज्याचें त्याचें स्वतंत्र, अशी ती रचना होय. चाळींत बिऱ्हाडावर बिऱ्हाड असतें, येथें तसें नसतें. एवढा भेद सोडला तर कूळ एकच.

या कुळांतील एक अत्यंत देखणी वास्तु मुंबईच्या कोटांत उभी आहे. पूर्वी तिला एल्फिन्स्टन सर्कल म्हणत. स्वातंत्र्यानंतर तिचें नांव हॉर्निमन सर्कल झालें. भीमाकांठच्या मांडवगण फराट्यासारख्या गांवांतून मुंबईस गेलेला मनुष्य बहुधा राणीची बाग, म्हातारीचा बूट आणि चौपाटी पाहून परत येतो. या अर्धवर्तुळाकडे त्याची दृष्टि क्वचितच जाते. वस्तुतः त्या दगडांचा आणि शिरूर-दौंडच्या शेतकऱ्याचा संबंध पाहण्यासारखा आहे. तो पुढें ओघानें येईलच.

प्रथम ही पद्धति कोठून आली तें पाहूं. लंडन शहरास १६६६ सालीं जी आग लागली, तींत चार दिवसांत सुमारें तेरा हजार घरें जळालीं. तीं बहुतेक लांकडाचीं होतीं. त्यानंतर विटांच्या व दगडांच्या भिंती बांधण्याची सक्ति झाली, आणि १७७४ सालच्या कायद्यानें दोन घरांमधील सामायिक भिंत किती जाड असावी हेंसुद्धां ठरवून दिलें. आग एका घरांतून दुसऱ्यांत जाऊं नये हा त्यांतील हेतु. अशा तऱ्हेनें सक्तीनें एकसारखीं झालेलीं घरें पुढें शोभेसाठीं एकसारखीं होऊं लागलीं. बाथ नांवाच्या गांवीं जॉन वुड या शिल्पज्ञानें १७५४ सालीं वर्तुळाकार घरांची एक ओळ आरंभिली. तो त्याच वर्षीं वारला व त्याच्या त्याच नांवाच्या मुलानें ती पुरी केली. मुलानें पुढें १७६७ पासून चंद्रकोरीच्या आकाराची दुसरी ओळ बांधली. तींत ३० घरें व पुढील बाजूस ११४ खांब आहेत. समोरून पाहणाऱ्यास तो एकाच राजाचा वाडा वाटावा, असा तिचा थाट आहे.

पण गंमत मागल्या बाजूस आहे. गिऱ्हाइकानें विकत घ्यावयाची ती दर्शनी भिंतीची लांबी. तिच्यामागें घर कसें बांधावयाचें तें ज्याचें त्यानें आपला गवंडी लावून ठरवावयाचें. त्यामुळें पुढून अगदीं शिस्तींत उभी असलेली ही ओळ मागून पाहिली तर कोणाची भिंत पुढें, कोणाची मागें, कोणाचें छप्पर उंच तर कोणाचें बुटकें, असा सगळा प्रकार दिसतो. इंग्रजांच्या स्वभावाविषयीं यांतून कोणी कांहीं अनुमान काढील. तें येथें नको. मात्र या घरबांधणीचें सारें मर्म या एका गोष्टींत आहे. चेहरा सर्वांचा, घर ज्याचें त्याचें. राणी व्हिक्टोरियाच्या कारकीर्दींत, म्हणजे १८३७ ते १९०१ या काळांत, हीच पद्धति श्रीमंतांच्या पेठांतून उतरून गिरणगांवांतील मजुरांच्या वस्तीपर्यंत गेली, आणि अशा ओळींच्या ओळी इंग्लंडभर उभ्या राहिल्या.

आतां मुंबईकडे वळूं. कोटाच्या मध्यभागीं पूर्वी एक मोठें मोकळें पटांगण होतें. त्यास इंग्रज लोक ‘ग्रीन’ म्हणत. त्याच्या पश्चिम अंगास १७१८ सालीं उघडलेलें सेंट थॉमसचें देऊळ आणि पूर्व अंगास १८३३ सालीं पुरा झालेला टाऊन हॉल. नांवाप्रमाणें तेथें हिरवळ किती दिवस टिकली कोण जाणे. कारण कापसाच्या गठ्ठ्यांचे ढीग याच जागेंत रचले जात. १८४४ सालीं कापसाचा बाजार कुलाब्यास हलविण्यांत आला, आणि मग तर ही जागा धुळीची व केरकचऱ्याची झाली. कोटांतील वस्ती मात्र पराकाष्ठेची दाट. १८०३ सालच्या आगींत कोटाचा सुमारें तिसरा हिस्सा जळाला होता, तरी तट आणि खंदक तसेच राहिल्यामुळें हवेला वाट नव्हती.

या उकिरड्याचें सोनें करण्याची कल्पना चार्लस फोर्जेट या अधिकाऱ्याची. हा मनुष्य मुंबईच्या पोलिसांचा मुख्य; देशी भाषा उत्तम बोलणारा; १८५७ सालच्या बंदोबस्तामुळें त्याचें नांव गाजलें होतें. नगररचनेची कल्पना पोलिस-अधिकाऱ्यास सुचावी हें थोडें नवल खरें. पण त्या वेळीं तो शहराच्या म्युनिसिपल कमिशनरांपैकींहि एक होता, आणि गल्लीबोळांतून रात्रंदिवस हिंडणाऱ्या मनुष्यास शहराचें दुखणें कळावें यांत अशक्य असें कांहीं नाहीं. त्याची योजना अशी होती कीं, म्युनिसिपालिटीनें सारें पटांगण विकत घ्यावें, मध्यें गोल बाग राखावी, भोंवतालच्या जागेचे तुकडे पाडून ते व्यापारी पेढ्यांस विकावे, आणि बांधणारा कोणीहि असला तरी दर्शनी बाजू सर्वांची एक ठेवावी. गव्हर्नर लॉर्ड एल्फिन्स्टन यांनीं ती उचलून धरली. ते १८६० सालीं निवर्तले. पुढें १८६२ पासून गव्हर्नर असलेले सर बार्टल फ्रीअर यांनीं तिला चालना दिली. याच फ्रीअरसाहेबांच्या कारकीर्दींत कोटाचे तट पाडले गेले. म्युनिसिपालिटीला तुकडे विकून चांगला नफा झाला. मध्यभागींची बाग १८७२ सालीं पुरी झाली. ती सुमारें अडीच एकरांची आहे.

वास्तूची रचना नीट समजून घेण्याजोगी आहे. पूर्वेच्या अंगास टाऊन हॉल आपल्या तीस पायऱ्या व डोरिक घाटाचे भक्कम खांब घेऊन बसलेला आहे. त्याच्यासमोर, पश्चिमेकडे, इमारतींचें अर्धवर्तुळ पसरलेलें आहे. आणि त्या अर्धवर्तुळाच्या बरोबर मधून जुना चर्चगेट रस्ता, म्हणजे आजचा वीर नरीमन रस्ता, निघून जातो. त्यामुळें ओळीचे दोन सारखे भाग पडले आहेत. जणूं टाऊन हॉलनें पसरलेले दोन बाहूच. खालच्या मजल्याला सलग कमानींची ओवरी आहे. कमान, खांब, पुन्हां कमान, अशी ती वांकत वांकत जाते आणि चालणाऱ्याला पुढचा शेवट कधींच दिसत नाहीं. सरळ रस्त्यावरील ओळ एका नजरेंत संपते. वांकलेली ओळ पावलापावलाला उलगडते. वर मजल्यावर मजले. प्रत्येक कमानीच्या बरोबर माथ्यावर खिडकी, खिडकीवर खिडकी, आणि सर्वांत वर एकाच उंचीनें फिरलेली कंगणी. कमानींच्या माथ्यावरील मधल्या दगडांतून माणसांचे मुखवटे कोरलेले आहेत. बिडाचें नक्षीकाम विलायतेहून आलेलें. सारा घाट इटालियन म्हणतात तसा आहे. व्हिक्टोरिया टर्मिनस किंवा राजाबाई टॉवर यांवरील गॉथिक टोकांचा व मनोऱ्यांचा येथें मागमूस नाहीं. त्या इमारती नंतरच्या. राजाबाई टॉवर १८७८ चा व स्टेशन १८८८ चें.

घरें मोजण्याचें आपलें जुनें माप ‘खण’ होय. दोन खांबांमधील अंतर तो एक खण. अमक्याचें घर सात खणांचें, तमक्याचें नऊ खणांचें, असें खेड्यांतून अजूनहि सांगतात. हें माप या अर्धवर्तुळाला अगदीं बरोबर लागू पडतें. येथील मालकानें जागा घेतली ती कमानींच्या हिशेबानें दिसावी अशी आहे. एकाच्या खणांपुढें दुसऱ्याचे खण सुरू होतात, आणि सांधा कोठें आहे तें रस्त्यावरून ओळखूं येत नाहीं. ओवरीचा दुहेरी उपयोग आहे. मुंबईचा पाऊस आणि मुंबईचें ऊन या दोहोंपासून पादचाऱ्याचें रक्षण होतें, आणि तळमजल्याच्या भिंती थंड राहतात. बाथच्या घरांना ओवरीची गरज नव्हती. तेथें ऊन अंगावर घ्यावें असें लोकांना वाटतें. विलायती नकाशा आपल्या हवेपुढें जेथें वांकला, तेथेंच तो अधिक शोभिवंत झाला आहे असें म्हटल्यास वावगें होणार नाहीं.

वाडा आणि ही ओळ यांत एक मोठा भेद आहे. वाड्याचा सारा जीव आंत असतो. बाहेरून पाहावें तर काळ्या दगडाचें जोतें, वर पांढऱ्या मातीची किंवा विटांची भरभक्कम भिंत, क्वचित् एखादा झरोका, आणि एक दिंडी-दरवाजा. देवडी ओलांडून आंत गेल्यावर चौक. चौकाच्या चारी अंगांस सोपे. उजेड आणि वारा वरून चौकांत उतरणार व तेथून माजघरांत जाणार. वाडा रस्त्याला पाठ देऊन बसतो. टेरेसच्या घराला दोन्ही कुशींस शेजाऱ्याची भिंत, म्हणून खिडक्या फक्त पुढें आणि मागें. त्यामुळें तें घर रस्त्याकडे तोंड करूनच जगतें. एल्फिन्स्टन सर्कलमध्यें मात्र वाड्याचा चौक जणूं घराबाहेर आणून ठेवला आहे. मध्यें बाग, भोंवतीं ओवरी, समोर सभागृह. हा चौक एका घराण्याचा नसून शहराचा, एवढाच काय तो फरक.

हे दगड कोणत्या पैशानें चढले? अमेरिकेंत १८६१ सालीं यादवी युद्ध पेटलें आणि तेथील कापूस लँकेशायरच्या गिरण्यांना मिळेनासा झाला. मुंबईच्या कापसाला सोन्याचा भाव आला. याच सुमारास इकडे आगगाडी पुढें सरकत होती. पुण्याहून दौंडवरून दिकसाळपर्यंत ती १८५८ सालीं सुरू झाली होती. १८६० सालीं सोलापुरास पोंचली. आणि १८६३ सालीं बोरघाट खुला होतांच भीमेच्या खोऱ्यांतून निघालेला डबा मुंबईच्या बंदरापर्यंत जाऊं लागला. शहरांत पैशाचा पूर आला. नव्या बँका, नव्या कंपन्या रोज निघत. बॅक-बे कंपनीचा पांच हजार रुपये भरलेला भाग पन्नास हजारांवर गेला. टाऊन हॉलसमोरील वडाखालीं दलाल जमत. त्यांच्याच वंशजांनीं १८७५ सालीं शेअर-बाजाराची संस्था स्थापिली. गोविंद नारायण माडगांवकर यांनीं आपलें ‘मुंबईचें वर्णन’ १८६३ सालीं छापलें तें याच ऐन गर्दींत. एल्फिन्स्टन सर्कलच्या भिंती या पुराच्या पाण्यांत उभ्या राहिल्या.

१८६५ च्या वसंतांत अमेरिकेंतील युद्ध संपलें आणि पूर ओसरला. कापसाचे भाव कोसळले, बँका बुडाल्या, कालचे कोट्याधीश नादार झाले. मुंबईच्या इतिहासांत ही गोष्ट पुष्कळांनीं लिहिली आहे. तिची दुसरी बाजू मुंबईपासून शंभर कोसांच्या आंत, पुणें जिल्ह्याच्या पूर्व तालुक्यांत घडली. शिरूर-भीमथडीकडे कापूस विशेष पिकत नव्हता. परंतु तेजीच्या वर्षांत धान्याचे व मजुरीचे दर चढले, रेल्वेच्या कामावर रोख पैसा मिळूं लागला, आणि शेतकऱ्याची पत वाढली असें समजून सावकारानें त्यास मुक्तहस्तें कर्ज दिलें. मंदी आली, दर उतरले, कर्जाचा आंकडा मात्र उतरला नाहीं. त्यांतच १८६७ पासून साऱ्याची फेरआकारणी सुरू झाली. १८७४ च्या डिसेंबरांत शिरूर तालुक्यांतील करडें गांवच्या लोकांनीं सावकारावर बहिष्कार घातला. ता. १२ मे १८७५ रोजीं सुपें येथें बाजारच्या दिवशीं लोक उठले आणि सावकारांच्या वह्या व कर्जखतें काढून त्यांनीं जाळलीं. पुढें चौकशी होऊन १८७९ सालीं दक्षिणेंतील शेतकऱ्यांसाठीं सरकारास कायदा करावा लागला. ज्या तेजीनें कोटांत कमानी उभारल्या, तिच्याच ओहोटींत भीमेकांठच्या कित्येक जमिनी गहाण पडल्या. त्या कमानी बांधणाऱ्यांस याचा दोष देतां येणार नाहीं. पण कमानी पाहतांना हा हिशेब ठाऊक असलेला बरा.

आतां मूळ मुद्दा. दर्शनी भिंत एक आणि मालक अनेक, अशी स्थिति असल्यास ती भिंत सांभाळावयाची कोणी? इंग्लंडांत याचें उत्तर पुष्कळ ठिकाणीं सोपें होतें. तेथें जमीन एखाद्या मोठ्या जमीनदाराची असे. तो ती ९९ वर्षांच्या भाडेपट्ट्यानें देई आणि पट्ट्यांतच अट घाली कीं, अमुक वर्षांनीं रंग द्यावा, खिडकी बदलूं नये, पुढें छपरी काढूं नये. मालक एकच राहिल्यामुळें चेहरा एक राही. जेथें असा वरचा धनी नसतो, तेथें शेजाऱ्याच्या समजुतीवर सारें अवलंबून.

खेड्यांतील वाड्यांची गति पाहिली म्हणजे हें पटतें. चार भावांची वाटणी होते. सोपा एकाकडे, देवडी दुसऱ्याकडे, चौकांत कूड उभा राहतो. माळवदाची माती दरवर्षीं पावसाळ्यापूर्वी एकत्र चोपावी लागते. तुळया, त्यांवर किलचण, त्यावर पाला व पांढरी माती, असें तें सलग अंग असतें. एक भाऊ चोपतो, दुसरा पुण्यास नोकरीवर, तिसऱ्यास सवड नाहीं; पाणी शिरतें तें वाटणीपत्र वाचून शिरत नाहीं. मग एकजण आपल्या खणांवर पत्रा टाकतो, दुसरा आपले खण उतरवून सिमेंटचें घर घालतो, आणि ज्या सागवानी खांबांनीं एकमेकांस तोलून धरिलें होतें ते एकाएकीं सुटे होतात. यांत कोणीहि लबाडी केलेली नसते. प्रत्येकानें आपल्या वांट्याचें तेवढें पाहिलेलें असतें.

मुंबईंतहि हाच प्रकार निराळ्या वाटेनें आला. १९४७ च्या भाडेनियंत्रण कायद्यानें भाडीं १९४० सालच्या मानानें गोठविलीं. युद्धाच्या दिवसांतील टंचाईंत भाडेकऱ्यास आधार देणें अगदीं न्याय्य होतें. त्याबद्दल वाद नाहीं. परंतु तो तात्पुरता उपाय पिढ्यानपिढ्या टिकला. दुरुस्तीचा खर्च वाढत गेला आणि भाडें जागच्या जागीं राहिलें. मालकास दुरुस्ती परवडेना व भाडेकरूस ती आपली वाटेना. १९६९ सालीं शहरांतील जुन्या इमारतींसाठीं उपकर बसवून दुरुस्ती मंडळ नेमावें लागलें. १९९९ च्या नव्या कायद्यानें बँका व मोठ्या भांडवलाच्या कंपन्या यांस हें संरक्षण उरलें नाहीं. कचेऱ्यांनीं भरलेल्या कोट विभागांत या बदलाला फार महत्त्व आहे. ज्यांना सहज देतां येतें त्यांनीं जुन्या दरानें बसावें यांत कोणतीच भूतदया नव्हती. आणि १९९५ सालीं मुंबईसाठीं वारसा-वास्तूंचे नियम झाले. भारतांत असे नियम करणारें मुंबई हें पहिलेंच शहर होय. वरचा जमीनदार जें काम भाडेपट्ट्यानें करी, तें काम आतां या नियमांनीं करावयाचें आहे. अशा इमारतीच्या बाह्य रूपांत फेरफार करावयाचा तर आधीं परवानगी पाहिजे.

नियम असले तरी नजर लागते. वातानुकूलनाची पेटी खिडकीबाहेर टांगावयाची, केबलची दोरी कमानीवरून ओढावयाची, आपल्याच चार खणांस वेगळा रंग द्यावयाचा, या गोष्टी एकेकट्या घेतल्या तर क्षुल्लक असतात. स्वतंत्र बंगल्यावर त्या खपूनहि जातात. परंतु जेथें सौंदर्य सारखेपणांत आहे तेथें एक दांत पडलेलें तोंड जसें दिसतें, तसें तें दिसतें.

मधल्या काळांत वस्ती पुष्कळ पालटली. ज्यांचें नांव आतां या जागेला आहे ते बेंजामिन हॉर्निमन इंग्रज असून ‘बॉम्बे क्रॉनिकल’चे संपादक होते; सरकारवर टीका केल्याबद्दल त्यांना १९१९ सालीं हद्दपार केलें गेलें, ते १९२६ सालीं परत आले व १९४८ सालीं वारले. गव्हर्नराचें नांव जाऊन ज्याला सरकारनें घालवून दिलें त्याचें नांव तेथें आलें. १८२२ सालीं निघालेलें ‘मुंबई समाचार’ हें गुजराती पत्र याच परिसरांतील तांबड्या इमारतींतून निघत आलें आहे. २०१२ सालीं अमेरिकेंतील एका प्रसिद्ध कॉफीवाल्यानें भारतांतील आपलें पहिलें दुकान येथील एल्फिन्स्टन बिल्डिंगमध्यें थाटलें. दुकान आंत बदललें, कमान बाहेर तशीच राहिली. ‘चेहरा सर्वांचा, घर ज्याचें त्याचें’ ही बाथची रीत तेथें अजून चालूं आहे.

दौंडहून गाडीनें निघालेल्या माणसानें छत्रपति शिवाजी महाराज टर्मिनसवर उतरून दक्षिणेकडे चालावयास लागावें. पाव तासाच्या आंत तो या ओवरींत पोंचतो. तेथें टाऊन हॉलच्या पायऱ्यांवर घटकाभर बसून समोरच्या कमानी मोजाव्या आणि एका धन्याचे खण कोठें संपतात व दुसऱ्याचे कोठें लागतात तें ओळखण्याचा यत्न करावा. पुष्कळ ठिकाणीं तो सांधा अजून सांपडत नाहीं.